सांगलीतली स्पोर्ट्स कार आणि ताशी नव्वदची थरथर: एक प्रकरण अभ्यास

तासगावचे एक द्राक्ष बागायतदार. वय चाळिशीच्या पुढे, बेदाण्याचा व्यापार, स्वतःचं शीतगृह, राहायला सांगलीत विश्रामबागेत. त्यांनी दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी, तीन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची नवीकोरी आयात स्पोर्ट्स कार घेतली. वर्ष व्हायच्या आत गाडीला रोग जडला: ताशी नव्वद ते एकशे पाचच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरायचं, त्याच्या खाली नाही, वर गेलं की पुन्हा कमी. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरने गाडी दोनदा ठेवून घेतली, पुढचे दोन्ही टायर बदलले, बिल लावलं. थरथर जशीच्या तशी. तिसऱ्या वेळी त्यांनी सस्पेन्शनच्या आर्म्स बदलायचा अंदाजपत्रक-कागद हातात ठेवला, तेव्हा बागायतदार सगळी फाइल घेऊन माझ्याकडे आले. मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे दाव्यातलं नुकसान तपासणारा, म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि त्यांच्या वडिलांपासूनचा घरोबा.

गाडीच्या कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव इथे देत नाही. दोष कंपनीचा नव्हताच हे पुढे दिसेल, आणि सर्व्हिस सेंटरने जे केलं ते कुठल्याही मोठ्या वर्कशॉपात रोज घडतं: मोजायच्या आधी बदलायचं.

निवड कशी झाली

पर्याय तीन होते. पहिला, वापरलेली फोर्ड मस्टँग. पाच लिटरचं व्ही-आठ इंजिन, आवाज असा की तासगावच्या रथोत्सवातही ऐकू यावा. ही गाडी २०१६ पासून भारतात अधिकृतपणे मिळत होती, पण सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीने इथला पसारा आवरला तिच्या गाडीचा सुटा भाग सांगलीत बसून मागवायचा, हे त्यांना पटलं नाही. मलाही नाही.

दुसरा पर्याय बीएमडब्ल्यू एम३४०आय. जुळणी चेन्नईत, सहा सिलिंडर, चारही चाकांना ताकद, मागे मुलांना बसायला जागा. माझं मत स्वच्छ होतं, हीच घ्या. त्यांचं उत्तर, "काका, चार दारांच्या दोन आहेत की घरात. तिसरी कशाला ओ?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. स्पोर्ट्स कार घेणाऱ्या माणसाला उपयुक्ततेचं गणित सांगणं म्हणजे आपलाच वेळ घालवणं.

तिसरा पर्याय ही आयात गाडी. इथे कराचं एक वळण आलं ते समजून घेण्यासारखं आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल मोटारीला वीस लाखांच्या वर १३ टक्के रस्ता कर बसतो. तीच गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा तयार स्थितीत आयात झालेली असेल तर २० टक्के. कराला कमाल मर्यादा आहे, ती १ जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख झाली. ऐंशी लाखांच्या गाडीला १३ आणि २० मधला फरक पाच लाख साठ हजारांचा. सीएंचं म्हणणं असं की आयात गाडी घेताय म्हणजे २० टक्के भरावेच लागणार, मग फर्मच्या नावावर घ्या, घसारा तरी मिळेल. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मोटारीवरच्या जीएसटीचं क्रेडिट व्यापाऱ्याला मिळत नाही, तो फायदा वजा. आणि मला दुसरीच काळजी होती. ग्राहक संरक्षण कायद्यात 'व्यापारी उद्देशाने' घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येतून वगळली आहे. फर्मच्या नावावरची गाडी ही व्यापारासाठी की वैयक्तिक वापरासाठी, हा वाद समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभा करतो. तो जिंकेलच असं नाही, पण दोन वर्षं त्यात जातात. गाडी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता जो एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल केला जाणारा आयकर) घेतो तो आयकर विवरणपत्रात वळता करून घ्यायचा, एवढी आठवण सीएंना केली.

या सगळ्या खलात एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही: चाकं. त्याच गाडीला कंपनी १८ इंची आणि १९ इंची अशी दोन्ही रिमं देते. शोरूममध्ये १९ इंची लावलेली उभी होती, दिसायला देखणी, तीच घेतली. रंगावर दोन रविवार चर्चा झाली होती, आसनांच्या शिलाईच्या दोऱ्यावरही झाली होती.

आकडे पाहा. पुढचा टायर २५५/३५ आर१९. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत रबराची उंची तिच्या ३५ टक्के, साधारण ८९ मिलिमीटर. १८ इंचीला तोच टायर २५५/४०, उंची १०२ मिलिमीटर. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास एकच, ६६१ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक पडत नाही. फरक फक्त तेरा मिलिमीटर रबराचा. त्यात टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालावा म्हणून साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) मुद्दाम कडक केलेली. स्टेपनी नाहीच. कडक आणि आखूड साइडवॉल खड्ड्याचा मार गिळत नाही, तो सरळ रिमला देते. जर्मनीतल्या रस्त्यावर हे चालून जातं. सांगली-तासगाव रस्त्यावर गाळप हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडा उखडून टाकतात, तिथे हे तेरा मिलिमीटर म्हणजे गाडीचं आयुष्य.

ताबा आणि पहिले महिने

ताबा घेताना जे बघायचं ते त्यांच्या भाच्याने बघितलं. मुलगा वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला आहे, या प्रकरणात पुढेही कामाला आला. टायरवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), चासी नंबरावरून उत्पादनाचं वर्ष, दोन्ही दरवाज्यांच्या फटी सारख्या आहेत का, बॅटरीचा व्होल्टेज. आयात गाडी बंदरात आणि गोदामात महिनोन्महिने उभी असू शकते, म्हणून बॅटरी आणि टायर आधी.

विमा मी बघून दिला. नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, १ सप्टेंबर २०१८ पासून. स्वतःच्या नुकसानीचा भाग वर्षाचा घेतला तरी चालतो. त्यात शून्य घसारा जोडला, कारण त्याशिवाय रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मे पैसे कापले जातात आणि या गाडीचा पुढचा बंपर सगळा प्लास्टिकचाच. इंजिन संरक्षण जोडलं. सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान 'अपघात' धरलं जात नाही. टायर-रिमचं वेगळं संरक्षण मात्र त्यांनी महाग म्हणून सोडलं.

पहिले दोन हजार किलोमीटर त्यांनी शिस्तीत काढले. एकाच वेगाने लांब पल्ला नाही, पूर्ण दाब नाही, थंड इंजिनाला ओरडायला लावायचं नाही. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. टाकीच्या झाकणाच्या आत ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालेल असं लिहिलेलं होतं, म्हणून त्यावर वाद नको. फक्त इथेनॉलला पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते, त्यामुळे सरासरी थोडी पडणार हे आधीच सांगून ठेवलं.

किरकोळ दुखणी तीन निघाली.

गतिरोधक हे पहिलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर. अडीच मीटर चाकांतराची गाडी अशा उंचवट्यावर उभी राहिली तर तिच्या पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर फुगवटा येतो. या गाडीला जमिनीपासून साडेअकरा सेंटिमीटर मोकळीक, म्हणजे आरामात निघते. पण गावोगावचे गतिरोधक रात्रीत डांबराची पाटी ओतून केलेले, फूट-दीड फूट रुंद आणि हाताच्या वीतभर उंच. तिथे पुढचं चाक उतरलं की पोट थेट टेकतं. तिरकी घालून एकेक चाक चढवायचं हाच उपाय, आणि मागचा हॉर्न वाजवत असतो.

बॅटरी हे दुसरं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागायतदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, गाडी दीड महिना पोर्चमध्ये उभी राहिली आणि एका सकाळी किल्लीला उत्तर देईना. बंद गाडीतले संगणक, ट्रॅकर, फोनचं ॲप मिळून पन्नास मिलिअँपिअर जरी खेचत असतील तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. सत्तर अँपिअर-तासांच्या बॅटरीतून दीड महिन्यात बहुतेक सगळंच गेलं. भिंतीवर लावायचा मेंटेनन्स चार्जर घेतला, विषय मिटला.

तिसरं दुखणं फक्त आपल्याच भागात होईल. गाडी एकदा बागेच्या कडेला लावलेली असताना पलीकडून ब्लोअर चालला होता. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, वाऱ्याने सगळं बॉनेटवर. चुना अल्कधर्मी, उन्हात सुकला की रंगाच्या वरच्या थरात खुणा पाडतो. भरपूर पाण्याने धुतलं, घासलं नाही, तरी पॉलिशवाल्याकडे न्यावीच लागली. आता बागेत ती गाडी जात नाही.

थरथर

जानेवारीत सुरू झाली. पहिल्या खेपेला सर्व्हिस सेंटरने बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून दिलं. जॉब कार्डावर एवढंच: 'ग्राहकाची व्हायब्रेशनची तक्रार. तपासून दिले.' दुसऱ्या खेपेला 'टायर फ्लॅट-स्पॉट झालेत' म्हणून पुढचे दोन टायर बदलले. गाडी उभी राहून टायर एका जागी चपटतात हे खरं आहे, पण ते थोडं अंतर चालवून तापले की बहुतेक वेळा जातं. इथे शंभर किलोमीटर चालूनही थरथर कमी होत नव्हती. हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. जुने टायर परत मागायचेही राहून गेले. पैसे देऊन काही बदलून घेतलं तर जुना भाग मागून घ्यावा, पुढे तोच पुरावा असतो.

तिसरा अंदाज आर्म्स आणि बुशांचा होता, आणि रक्कम अशी की त्यात एक चांगली मोटारसायकल यावी. सांगली ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, मध्ये खंबाटकी. दर वेळी एक दिवस जाणार, एक दिवस येणार. मी त्यांना म्हटलं, आता पुण्याला जायचं नाही, आधी मोजू.

थरथरीचं एक बरं असतं, ती स्वतःचा पत्ता सांगते. प्रत्येक फिरणारा भाग आपापल्या गतीने फिरतो, त्याचा असमतोल त्याच गतीने हलवतो. पुढच्या चाकाचा परीघ ६६१ मिलिमीटर व्यासावरून २.०८ मीटर. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला १३.४ फेरे घेतं. मागच्या चाकाचा टायर २७५/३५, जरा मोठा, तो १३.१. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा, मागच्या डिफरन्शियलच्या (ती ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) गुणोत्तराने जास्त फिरतो, या गाडीत ३.१५ पट, म्हणजे ४१ च्या आसपास. आणि सगळ्यात वरच्या गिअरमध्ये इंजिन तेव्हा मिनिटाला १६०० च्या जवळ, सेकंदाला साडेसव्वीस.

हल्लीच्या प्रत्येक फोनात त्वरण मोजणारी चिप असते आणि कंपनांचा आलेख काढून देणारी ॲप्स फुकट मिळतात. भाच्याने फोन मधल्या कन्सोलवर घट्ट चिकटवला. मिरजेच्या पुढे कवठेमहांकाळच्या दिशेने रत्नागिरी-नागपूर महामार्ग गुळगुळीत आहे, तिथे पहाटे गाडी काढली. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारीला ताशी १०० ची परवानगी, म्हणजे थरथरीचा बहुतेक पट्टा कायद्याच्या आतच बसत होता. ८०, ९० आणि १०० वर क्रूझ लावून नोंदी घेतल्या.

८० ला शिखर पावणेअकरा हर्ट्झवर (सेकंदाला तितकी कंपनं), ९० ला बाराच्या आसपास, १०० ला साडेतेराच्या जरा खाली. वेगाबरोबर सरकणारं, आणि बरोब्बर चाकाच्या फेऱ्यांवर बसणारं. एक शंका उरली होती. १०० ला साडेसव्वीसच्या आसपास दुसरं छोटं शिखर दिसत होतं. ते चाकाच्या फेरीच्या दुप्पट असू शकतं आणि इंजिनाचंही असू शकतं, दोन्ही आकडे तिथे एकमेकांवर येतात. वेग १०० च ठेवून गिअर सहावर आणला, इंजिन अडीच हजारांवर गेलं. शिखर जागचं हललं नाही. म्हणजे इंजिन सुटलं, आणि दुप्पट वारंवारतेचा अर्थ असा की कुठलं तरी चाक नुसतं जड-हलकं नाही, त्याच्या गोलाईतच खोट आहे. ४१ हर्ट्झला काही नव्हतं, शाफ्टही सुटला. ब्रेक हलका दाबल्यावर थरथर वाढत नव्हती, म्हणजे डिस्क नाहीत.

पुढचं की मागचं? १३.४ आणि १३.१ मधला फरक फोनच्या आलेखात वेगळा काढणं अवघड, वेग जरा इकडे-तिकडे झाला की संपलं. पण हात आणि बूड चांगली उपकरणं आहेत. थरथर स्टिअरिंगमध्ये होती, सीटमध्ये नव्हती. पुढचं चाक.

मग बॅलन्सिंग करूनही राहिली कशी? इथेच सर्व्हिस सेंटर अडकलं होतं. बॅलन्सिंगचं यंत्र चाक हवेत फिरवतं आणि वजन कुठे जास्त आहे ते सांगतं. अंड्याच्या आकाराच्या चाकालासुद्धा शिसं लावून वजनाने समतोल करता येतं, यंत्र शून्य दाखवेल. पण तेच चाक गाडीचं वजन घेऊन रस्त्यावर फिरलं की प्रत्येक फेरीला उचलणार आणि सोडणार. हे पकडायला चाकावर रोलरने भार देऊन मोजणारं यंत्र लागतं, ते त्या वर्कशॉपात नव्हतं. ते नसलं तरी बिघडत नाही. डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन) लागतो, आणि तो कुपवाडच्या एमआयडीसीत शोधावा लागत नाही.

ओळखीच्या एका मशीनशॉपमध्ये दोन्ही पुढची चाकं नेली. टायर उतरवले. रिमच्या मधल्या भोकाला बसेल असा मँड्रेल (रिम धरून फिरवायचा दांडा) वळून घेतला, कारण ही रिमं नटांवर नव्हे तर मधल्या भोकावर केंद्रात बसतात, मोजमापही तिथूनच घ्यायला हवं. म्हातारे मिस्त्री. रिम हाताने एकदा फिरवलं, डायल टायर बसतो त्या आतल्या गादीला लावला आणि म्हणाले, "बाहेरून नवरीवानी, आतनं बघा."

उजवं चाक: आत-बाहेर दोन्हीकडे पाव मिलिमीटरच्या आत. डावं चाक: बाहेरच्या कडेला ०.३ आणि आतल्या कडेला १.९ मिलिमीटर. चांगल्या ॲलॉय रिमला अर्धा-पाऊण मिलिमीटर चालून जातो. नेमकी मर्यादा कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असते, पण १.९ कुठल्याच पुस्तिकेत बसणार नाही. वाक आतल्या बाजूला, जिथे गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही रिमांची आठ-आठ ठिकाणची मापं कागदावर घेतली, मिस्त्रींची सही, तारीख, डायलचा नंबर आणि फोटो. भाच्याला हे जरा जास्त वाटलं. मला नाही. दाव्यांच्या फायलींत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: बोलणारे चार असतात आणि आकडा एकाकडे असतो, तर वाद आकड्याभोवती फिरतो.

कुणी भरायचं

वॉरंटी नाही. बाहेरच्या मारामुळे वाकलेलं रिम हा उत्पादनातला दोष नव्हे, आणि यावर कंपनीशी भांडायला मी त्यांना साफ नकार दिला. पण विमा लागू होता. खड्ड्याचा मार हा अपघातच. साध्या पॉलिसीत टायरचं नुकसान गाडीच्या दुसऱ्या नुकसानीसोबत झालं तरच आणि तेही निम्मं मिळतं, रिम मात्र धातूचा भाग म्हणून धरला जातो, सहा महिने ते वर्षाच्या गाडीला त्यावर पाच टक्के घसारा. शून्य घसारा असल्याने तोही वाचला. दीड लिटरच्या वरच्या इंजिनाला सक्तीची वजावट दोन हजार. पहिल्या वर्षी दावा केला की नूतनीकरणाला दावा न केल्याबद्दल मिळणारा २० टक्के बोनस जातो, तो हिशेब मांडला. रिमची किंमत लाखाच्या आसपास, बोनसचा तोटा त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. दावा करणं परवडत होतं.

अडचण तारखेची. मार कधी बसला? त्यांना घटना आठवत होती. तासगावहून रात्री परतताना कवलापूरच्या अलीकडे मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली एकदम पुढ्यात आली, गाडी डावीकडे घेतली आणि चाक उखडलेल्या कडेवरून खाली आदळलं. हवेच्या दाबाचा दिवा लागला नाही, बाहेरून रिमला ओरखडा नाही, म्हणून विसरून गेले. कुणीतरी सल्ला दिला की कालचीच तारीख टाका. मी म्हटलं, खोटी तारीख टाकायची असेल तर माझ्याकडे येऊ नका. जॉब कार्डांवर थरथरीची तक्रार आधीची आहे, पहिल्याच प्रश्नाला दावा आपटेल. मग त्यांना आठवलं, त्या दिवशी बेदाण्याचा सौदा होता. सौद्याची पट्टी सापडली, तारीख सापडली, पहिलं जॉब कार्ड त्याच्या नंतरचं निघालं. कहाणी कागदोपत्री जुळली. उशिरा कळवल्याचं कारण लेखी दिलं. निव्वळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असं विमा नियामकाचं सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे, ते जोडलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने रिम पाहिलं, मापांचा कागद पाहिला आणि दावा मंजूर केला.

राहिले सर्व्हिस सेंटरचे टायर. तिथे मी सोबत गेलो. समोरचे व्यवस्थापक सभ्य होते, फक्त पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, रोड कंडिशन." फोनचा आलेख आणि कुपवाडचा कागद टेबलावर ठेवला. टायर बदलण्याआधी रिमचा रन-आऊट (फिरताना गोलाईत येणारा फरक) मोजला का, मोजला तर जॉब कार्डावर आकडा दाखवा, एवढाच प्रश्न. आकडा नव्हता. ग्राहक आयोगाचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. गाडीसारख्या वस्तूची किंमत पन्नास लाखांच्या वर असली की तक्रार जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगापुढे जाते. इथे वाद गाडीचा नसून सेवेच्या बिलाचा, तेव्हा सांगलीच्या जिल्हा आयोगातही चालला असता, कारण ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करायची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. ही चर्चा चहा संपेपर्यंतच चालली. दोन्ही खेपांची मजुरी माघारी आणि टायरांच्या निम्म्या किमतीचं क्रेडिट, यावर मिटलं. बागायतदारांना पूर्ण किंमत हवी होती. मी म्हटलं, मिळतंय ते घ्या. टायर तर नवे मिळालेच आहेत, आणि जुने टायर हातात नसताना ते चांगले होते हे सिद्ध कशाने करणार?

रिम सरळ करायचं की बदलायचं

यावर घरात दोन मतं पडली. कोल्हापूर-मिरजेत ॲलॉय तापवून दाबून सरळ करून देणारे आहेत, दोन-तीन हजारांत काम होतं, आणि रोजच्या छोट्या गाडीला अनेकदा चालूनही जातं. पण ओतीव ॲल्युमिनियमच्या रिमला ताकद येते ती उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून: साधारण ५४० अंशांवर तापवून पाण्यात गार करणं, मग दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास मुरवणं. गॅसच्या ज्योतीखाली धातू पुन्हा दोनशे-तीनशे अंशांच्या पुढे गेला की ती ताकद त्या जागी उतरते. रिम गोल होईल, डायल शून्य दाखवेल, आणि पुढच्या खड्ड्याला तिथूनच तडा जाईल. अडीचशेपर्यंत धावणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाला हे नको. वाकलेलं रिम मिस्त्रींनी ठेवून घेतलं. नवं रिम आलं, बसवताना हबची गादी तारेच्या ब्रशने साफ केली, नट टॉर्क रेंचने आडव्या क्रमाने आवळले. त्याच महामार्गावर पुन्हा नोंद घेतली. १३.४ चं शिखर आधीच्या पाचव्या हिश्शावर आलं, २६ च्या घरातलं गेलंच.

नवं रिम लागून महिना झाला नव्हता, तोच बागायतदारांनी स्वतःहून १८ इंची संच मागवला. कंपनीच्या मान्य मापांतलाच, ४० च्या साइडवॉलचे साधे, रन-फ्लॅट नसलेले टायर, आणि डिकीत हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर व पंक्चर किट. बाहेरची देखणी रिमं स्वस्तात मिळत होती, ती मी घेऊ दिली नाहीत. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ तपशिलापासून वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि पुढच्या दाव्यात हेच कलम समोर येतं. ब्रेकचे कॅलिपर १८ इंचीत बसतात का हे आधी कंपनीकडून लेखी मागवलं. विमा कंपनीला मेल टाकून बदलाची नोंद पॉलिसीत करून घेतली, आणि या वेळी टायर-रिमचं संरक्षणही जोडलं. वळणावर गाडी आता किंचित मऊ वाटते असं ते म्हणतात. भाचा म्हणतो काही फरक नाही. यवतेश्वर घाटातून कासला जाऊन आल्यावरही दोघांचं एकमत झालं नाही.

१९ इंची चारही चाकं तासगावच्या शीतगृहाशेजारच्या अंधाऱ्या खोलीत आडवी रचून ठेवली आहेत. विकून टाकू का, असं त्यांनी परवा विचारलं. ठेवा म्हटलं. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक मूळ रिमं मागतंच, आणि त्यातलं एक कोरं आहे.